दीड मात्रेचा प्रतिध्वनी: स्टिरिओ गिटारसाठी कॅबिनेटची जोडी निवडताना

तालमीत त्या दिवशी मी एकाच गाण्यात दोनदा सुटलो. मी बास वाजवतो. प्रेक्षकांकडून पाहिलं तर स्टेजच्या उजव्या बाजूला उभा असतो. गाणं मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत होतं, म्हणजे एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. आमच्या गिटारवादकानं डिलेवर, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलवर, डॉटेड एट्थ लावला होता, म्हणजे पाऊण मात्रा, 375 मिलिसेकंद. ही चाल आम्ही वर्षभर वाजवत होतो आणि त्या पाऊण मात्रेच्या प्रतिध्वनीवर माझी बोटं आपोआप बसायची. त्या दिवशी मात्र प्रतिध्वनी उशिरा येत होता. मी त्याच्यामागे गेलो आणि ड्रमर एकीकडे, मी दुसरीकडे झालो.

कारण सापडायला अर्धा तास लागला. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच दोन कॅबिनेट (स्पीकरचे डबे) लावली होती, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला, आणि डिले पिंगपाँगवर होता. पहिला प्रतिध्वनी डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. माझ्याजवळ उजवं कॅबिनेट होतं. त्यामुळे मला ठळकपणे ऐकू यायचा तो दर दुसरा प्रतिध्वनी, 750 मिलिसेकंदांनी, दीड मात्रेनं. चार मात्रांच्या गाण्यात कोणी कानाशी दीड-दीड मात्रेचे ठोके देत राहिलं तर भलाभला वादक हलतो. डावीकडच्या कीबोर्डवादकाला त्याच वेळी पाऊण, सव्वादोन, पावणेचार असे ठोके मिळत होते. एकाच बँडमधले आम्ही दोघं दोन वेगळ्या गिटार ऐकत होतो.

पुढचे दोन महिने आम्ही या दोन डब्यांवर घालवले. त्यात काय काय केलं, काय सोडलं आणि शेवटी काय निवडलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी काय होतं

बँड चौघांचा: ड्रम, बास, कीबोर्ड, गिटार. गायक नाही, त्यामुळे गिटारच्या आवाजाला रुंदी हवी ही मागणी रास्त होती. गिटारवादकाच्या पेडलबोर्डवर (पायानं चालवायच्या इफेक्टच्या फळीवर) ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा) प्रीअ‍ॅम्प मोनो, त्यांच्यापुढे कोरस (सूर किंचित डोलवणारा), डिले आणि रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारा) तिन्ही स्टिरिओ. तिथून दोन वायरी दोन चॅनेलच्या क्लास डी पॉवर अ‍ॅम्पला, प्रत्येक बाजूला 8 ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) सुमारे 50 वॅट. शेवटी एकच फोर-बाय-ट्वेल्व्ह कॅबिनेट, म्हणजे 12 इंची चार स्पीकरचा डबा. अशा बऱ्याच कॅबिनेटच्या मागच्या पाटीवर मोनो-स्टिरिओ स्विच असतो. मार्शलच्या 1960 मालिकेत तो आहे: मोनोत 4 किंवा 16 ओहम, स्टिरिओत दोन्ही बाजूंना 8-8. त्याच्या कॅबिनेटमध्येही तसाच होता. स्विच स्टिरिओवर, डाव्या जोडीला डावा चॅनेल, उजव्या जोडीला उजवा. विजेच्या दृष्टीनं सगळं बरोबर होतं.

ऐकताना मात्र स्टिरिओ नव्हता. त्याला वाटायचं पेडलमध्ये काहीतरी खोट आहे, म्हणून त्यानं रिव्हर्बसुद्धा बदलून पाहिला. हिशेब साधा आहे. त्या डब्यात डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या केंद्रांमधलं अंतर जेमतेम 35 सेंटिमीटर. तीन मीटरवरून पाहिलं तर दोघांमध्ये साधारण 7 अंशांचा कोन पडतो. घरी दोन स्पीकर ऐकताना आपण जवळपास 60 अंशांचा कोन ठेवतो. सात अंशांत डावं-उजवं कळत नाही, आवाज फक्त थोडा फुगल्यासारखा वाटतो. एकाच डब्यातला स्टिरिओ टू-बाय-ट्वेल्व्हही याच कारणानं बाद.

फुगल्यासारखा वाटण्यालाही किंमत आहे, हे मान्य करायला हवं. रोलंडचा जेसी-120 हा 1975 पासूनचा अ‍ॅम्प त्याचं उत्तम उदाहरण. एका डब्यात दोन 12 इंची स्पीकर, दोघांना स्वतंत्र 60 वॅटचे पॉवर अ‍ॅम्प. कोरस लावला की एका स्पीकरमधून कोरा आवाज येतो, दुसऱ्यातून सुरात किंचित डोलणारा, आणि दोघांचं मिश्रण हवेत होतं. तिथे डावं-उजवं ऐकू यावं अशी अपेक्षाच नसते. हवेतल्या त्या मिश्रणात जी हालचाल आहे ती त्या अ‍ॅम्पची ओळख. पण आमच्या मित्राला डिले स्टेजभर फिरवायचा होता, आणि त्यासाठी दोन डब्यांना पर्याय नव्हता.

उसनी जोडी

पहिल्या तालमीतली दोन कॅबिनेट उसनी होती आणि एकमेकांशी अजिबात न जुळणारी. डावीकडे बंद पाठीचा टू-बाय-ट्वेल्व्ह, त्यात व्हिंटेज 30 नावाचे दोन स्पीकर. उजवीकडे उघड्या पाठीचा वन-बाय-ट्वेल्व्ह, त्यात जुना, मऊ आवाजाचा स्पीकर. "वेगळे स्पीकर असले की आवाज जास्त रुंद वाटतो," असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. ते एका अर्थी खरं आहे. दोन्ही कॅबिनेटना एकच मोनो आवाज दिला तर एकाचा कणखर मध्य आणि दुसऱ्याची झिरझिरीत टीप (वरचे, उजळ स्वर) मिळून जाड, सुंदर आवाज होतो. दोन वेगळे अ‍ॅम्प एकत्र वाजवणारे लोक हेच तर करतात.

पिंगपाँगमध्ये मात्र तेच उलटतं. एक प्रतिध्वनी उजळ आणि मोठा, पुढचा मळकट आणि लहान. व्हिंटेज 30 ची संवेदनशीलता 100 डेसिबल, म्हणजे 1 वॅट देऊन 1 मीटरवर मोजलं तर 100. उजवीकडचा स्पीकर 97 च्या आसपासचा. शिवाय डावीकडे दोन कोन (स्पीकरचे हलणारे कागदी शंकू), उजवीकडे एक. सारख्याच वॅटला दोन कोन मिळून खर्जात आणखी सुमारे 3 डेसिबल देतात. दोन्ही धरून 6 डेसिबलच्या आसपासचा फरक. त्यानं डावा चॅनेल कमी केला. पातळी जुळली, रंग जुळला नाही. सरळ वाजवलेला सूरही मध्ये बसेना, डावीकडच्या उजळ डब्याकडे सरकत राहिला. कान दिशा ठरवताना उजळ बाजूकडे झुकतो.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. तो बरोबर मध्ये येऊन मोकळी सहावी तार छेडायचा तेव्हा सूर पोकळ यायचा, आणि एका डब्याजवळ गेलं की भरून यायचा. हे लक्षण ओळखीचं आहे. 9 व्होल्टची बॅटरी घेऊन स्पीकर केबलच्या प्लगच्या टोकाला धन आणि बाहीला (टोकामागच्या धातूच्या नळीला) ऋण असं क्षणभर टेकवलं. डाव्या डब्याचे कोन पुढे आले, उजव्याचा आत गेला. म्हणजे पोलॅरिटी, धन-ऋणाची जोडणी, उलटी. मोकळ्या सहाव्या तारेची कंपनसंख्या 82 हर्ट्झ, तरंगलांबी 4 मीटरपेक्षा जास्त. एक डबा हवा ढकलतोय आणि दुसरा ओढतोय अशा स्थितीत मधल्या रेषेवर खर्ज उरत नाही. आतल्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि खर्ज परत आला. कधी डब्याची जोडणी उलटी असते, कधी स्पीकरच तसा बनलेला असतो. जेबीएलचे जुने स्पीकर लाल टोकाला धन दिलं की कोन आत घेतात. म्हणून मी आता कोणताही नवा-जुना डबा आला की आधी बॅटरी लावतो, मग गिटार. बॅटरी टेकवायची आणि लगेच काढायची, धरून ठेवायची नाही.

(दोन वेगळे अ‍ॅम्प वापरणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. अ‍ॅम्पमध्ये आवाज किती वेळा उलटतो हे प्रत्येक सर्किटचं वेगळं असतं, त्यामुळे डबे बरोबर असूनही दोन अ‍ॅम्प एकमेकांविरुद्ध चालू शकतात. आणि दोन अ‍ॅम्पमुळे गुणगुण आली तर उपाय सिग्नलच्या वायरीवर करायचा, ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर वापरून. प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला लागलेले असताना अर्थिंग नसणं जिवावर बेततं.)

कोणासाठी स्टिरिओ?

उसनी जोडी परत केल्यावर आम्ही चौघं बसलो आणि पहिल्यांदा हा प्रश्न नीट विचारला. तोवर "प्रेक्षकांना रुंद ऐकू यावं" हेच गृहीत होतं. मला ते पटत नव्हतं, आणि हिशेब माझ्या बाजूचा होता.

समजा डबे एकमेकांपासून 6 मीटरवर आहेत आणि एक प्रेक्षक डाव्या डब्याच्या बरोबर समोर 4 मीटरवर उभा आहे. उजवा डबा त्याच्यापासून 7.2 मीटरवर. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. म्हणजे उजवीकडचा आवाज त्याला 9 मिलिसेकंद उशिरा आणि 5 डेसिबल हळू पोचणार. हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या अंतरानं आला तर कान दिशा पहिल्या आवाजावरून ठरवतो. उशिराचा आवाज 10 डेसिबलच्या आसपास मोठा असला तरच तो बरोबरीला येतो. इथे तर तो हळूच आहे. त्या प्रेक्षकाला सरळ वाजवलेली गिटार डाव्या डब्यातूनच ऐकू येणार आणि पिंगपाँगचे अर्धे ठोके अंधुक होणार. स्टेजवरच्या दोन डब्यांचा स्टिरिओ मिळतो तो मधल्या अरुंद पट्ट्यात. त्या पट्ट्यात दरवेळी असणारा माणूस एकच, गिटारवादक स्वतः.

तेव्हा आम्ही असं ठरवलं: डब्यांचा स्टिरिओ त्याच्यासाठी. आम्हा तिघांना त्यातून गाणं वाजवण्यापुरतं सगळं ऐकू यायला हवं, कुठलाही ठोका हरवता कामा नये. प्रेक्षकांचं जे काही व्हायचं ते मिक्सरवरून. हे ठरल्यावर निवड एकदम सोपी झाली, कारण "किती मोठा डबा" हा प्रश्न मागे पडला आणि "किती सारखी जोडी" हा पुढे आला. तो आधी थोडा हिरमुसला. फोर-बाय-ट्वेल्व्ह मागे उभं असणं ही वेगळीच गोष्ट आहे, पॅंटच्या पायाला हवा लागते. पण 36 किलोचा डबा जिन्यावरून चढवण्यात मीही वाटेकरी होतो, त्यामुळे माझं मत तो ओळखून होता.

काही पर्याय लवकर संपले. मध्ये कोरा आवाज आणि दोन्ही बाजूंना इफेक्ट अशी तीन डब्यांची मांडणी ऐकायला सगळ्यात स्वच्छ असते, कारण मूळ सूर डिलेखाली कधीच दबत नाही. पण तीन डबे, तीन चॅनेल आणि मांडायला दुप्पट वेळ आमच्या छोट्या स्टेजना झेपणारा नव्हता. फुल-रेंज (खर्जापासून टिपेपर्यंत सगळं सारखं वाजवणाऱ्या) स्पीकरची जोडी आणि पेडलबोर्डवर कॅबिनेटच्या आवाजाची इलेक्ट्रॉनिक नक्कल हा पर्याय मी मनापासून सुचवला होता. त्यात मिक्सरला आणि स्टेजला एकच आवाज जातो. त्यानं दोन तालमी वापरून पाहिली आणि म्हणाला, "मला माइक लावलेली गिटार ऐकू येतेय, गिटार नाही." हे मी समजू शकतो. नक्कल जवळून माइक लावलेल्या डब्याची असते, खोलीत उभं राहून ऐकलेल्या डब्याची नसते.

उरले दोन पर्याय: उभे टू-बाय-ट्वेल्व्ह दोन, किंवा वन-बाय-ट्वेल्व्ह दोन. उभ्या टू-बाय-ट्वेल्व्हचा वरचा कोन कानाच्या जवळ येतो आणि एकावर एक कोन असल्यानं आवाज आडवा नीट पसरतो. दोन कोन शेजारी-शेजारी ठेवले तर बाजूला उभं राहणाऱ्याला ते एकमेकांना खोडताना ऐकू येतात. मन तिकडे झुकत होतं. वजनानं आणि ड्रमच्या दोन्ही बाजूंना उरणाऱ्या जागेनं निर्णय वन-बाय-ट्वेल्व्हकडे गेला.

स्पीकर

इथे खरा प्रश्न होता. जुन्या डब्यात प्रत्येक बाजूला 97 डेसिबलचे, 75 वॅटचे दोन स्पीकर होते. आता प्रत्येक बाजूला एकच. तोच स्पीकर ठेवला तर दोन कोनांचे ते 3 डेसिबल जाणार. वॅटनं भरून काढायचे तर अ‍ॅम्प दुप्पट लागेल. स्पीकरनं भरून काढायचे तर 100 डेसिबलचा घ्यायचा आणि अ‍ॅम्प आहे तोच ठेवायचा. मला हे हिशेब फार आवडतात, कारण लोक वॅटचा आकडा पाहून स्पीकर घेतात. वॅट म्हणजे स्पीकर किती सोसेल. किती मोठा वाजेल हे संवेदनशीलता सांगते.

सोसण्याचाही विचार केलाच. ग्रीनबॅक नावाच्या स्पीकरचा आवाज त्याला फार आवडतो, पण तो 25 वॅटचा. 50 वॅटच्या चॅनेलपुढे एकट्यानं उभा करणं धोक्याचं. म्हणून यादीत तीन राहिले, तिन्ही सेलेस्टियन कंपनीचे: क्रीमबॅक जी12एम-65, कागदावर 97 डेसिबल, 65 वॅट, क्रीमबॅक जी12एच-75, 100 डेसिबल, 75 वॅट, आणि व्हिंटेज 30, 100 डेसिबल, 60 वॅट.

ऐकण्याची पद्धत मी आग्रहानं एकच ठेवली. लूपरवर (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलवर) एकच तुकडा भरला: दोन मोकळे कॉर्ड, एक ड्राइव्हची ओळ, एक लांब रिव्हर्बचा सूर. एकाच डब्यात स्पीकर बदलत गेलो आणि प्रत्येक वेळी एकाच जागेवर, एकाच पातळीवर ऐकलं. पातळी जुळवली नाही तर मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगला वाटतो.

व्हिंटेज 30 बँडमध्ये गिटार पुढे आणण्यात पटाईत आहे, कारण त्याचा वरचा मध्य, 2 ते 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा, उठावदार आहे. माझ्या कानाला त्याच गुणाचा इथे त्रास झाला. लांबणाऱ्या रिव्हर्बमध्ये तो उठाव साचत जातो, आणि दोन बाजूंनी आला की पंधरा मिनिटांत कान थकतो. एका गिटारच्या दोन गिटार झालेल्या असताना पुढे येण्यासाठी धडपडायची गरजही नव्हती. जी12एम-65 सगळ्यात गोड वाटला, पण ड्रमर जोरात आला की अ‍ॅम्प शेवटच्या टोकाला जायचा. निवडला जी12एच-75. तीन डेसिबल परत मिळाले, खर्ज घट्ट राहिला आणि वरचा मध्य अंगावर आला नाही. 100 डेसिबल अधिक 50 वॅटचे 17, म्हणजे कागदावर 1 मीटरवर 117. आमच्या स्टेजना पुरून उरणारं.

दोन्ही स्पीकर नवे आणि एकदमच घेतले. एक जुना मिळत होता आणि पैसे वाचत होते, तरी मी अडवलं. वाजून वाजून कोनाची कड सैल होते, आवाज बदलतो. एक वाजलेला आणि एक कोरा म्हणजे पुन्हा ती उसनी जोडीच.

ओहमचा निर्णय पुढचं पाहून घेतला. 16 ओहमवर या अ‍ॅम्पची ताकद जवळपास निम्मी होते. 4 ओहमचा घेतला तर जास्त ताकद लगेच मिळते, पण उद्या त्याच चॅनेलला आणखी एक डबा समांतर जोडला की 2 ओहम होतील, आणि अ‍ॅम्पची मर्यादा 4 आहे. 8 ओहमचे दोन समांतर जोडले की बरोबर 4. म्हणून 8.

दोन स्वतंत्र डब्यांनी आणखी एक काळजी गेली. क्लास डी पॉवर अ‍ॅम्पपैकी बऱ्याच जणांचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. तिथे ऋण टोक म्हणजे ग्राउंड नव्हे, आणि दोन चॅनेलची ऋण टोकं एकमेकांना लागता कामा नयेत. काही स्टिरिओ कॅबिनेटमध्ये दोन्ही जॅक एकाच धातूच्या पट्टीवर बसवलेले असतात आणि बाह्या एकमेकींना चिकटतात. जुन्या डब्यात आम्ही हे मल्टिमीटरनं तपासलं होतं, नशिबानं ती पट्टी प्लास्टिकची निघाली. ज्यांचा अ‍ॅम्प असा आहे त्यांनी स्टिरिओ डब्यात वायर घालण्याआधी ते जरूर तपासावं. वायरही स्पीकरचीच हवी. गिटारच्या केबलमधली बारीक तार पॉवर अ‍ॅम्पसाठी नसते.

उघडी की बंद पाठ

यावर आमचं दोघांचं मत शेवटपर्यंत जुळलं नाही. उघड्या पाठीचा डबा मागेही आवाज फेकतो, ड्रमरला मॉनिटरशिवाय (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरशिवाय) गिटार मिळते, आणि तो हवेशीर आवाज मला प्रिय आहे. पण मागचा आवाज पुढच्याच्या उलट असतो, आणि मागच्या भिंतीवरून परतून काय मिळेल ते भिंत किती लांब आहे यावर ठरतं. एका स्टेजवर मागे भिंत, दुसऱ्यावर पडदा, तिसऱ्यावर काहीच नाही. एकच डबा असता तर मी हे चालवून घेतलं असतं. दोन डब्यांमध्ये डावीकडे पडदा आणि उजवीकडे भिंत आली की जोडी मोडते.

बंद पाठीवर भिंतीचा परिणाम होत नाही असं नाही. डब्याची पुढची बाजू भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज एक मीटर जास्त चालून येतो आणि 170 हर्ट्झच्या आसपास खळगा पाडतो. पण दोन्ही डबे भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेवले की खळगाही दोन्हीकडे सारखाच पडतो. म्हणून बंद पाठ घेतली, आणि ड्रमरला मॉनिटरमध्ये गिटार दिली. तालमीच्या खोलीत मला अजूनही उघडी पाठच आवडते.

जागा

डबे आले, आणि पहिल्याच तालमीत ते स्टेजच्या दोन टोकांना जाऊन बसले, जणू तीच त्यांची जागा. आम्ही ते आत ओढले. ड्रमच्या दोन्ही बाजूंना, केंद्रांमध्ये 3 मीटर. गिटारवादक मधल्या रेषेवर, डब्यांच्या 2.5 मीटर पुढे. त्याच्यापासून दोन डब्यांमधला कोन 62 अंश होतो.

मग डबे आत वळवले, दोघांचे रोख त्याच्याकडे. हे माझ्यासाठी होतं. बारा इंची स्पीकरचा हलणारा कोन सुमारे 26 सेंटिमीटर रुंद असतो. 1.3 किलोहर्ट्झच्या पुढे ध्वनीची लांबी त्याहून कमी होते आणि आवाज झोत होऊन सरळ जाऊ लागतो. कोन ही ताठ तबकडी मानली तर 3 किलोहर्ट्झला अक्षापासून 32 अंशांवर पहिला अभाव येतो, म्हणजे तिथे आवाज जवळपास उरत नाही. कागदी कोन तितका ताठ नसतो, पण कल यावरून कळतो. मी उजव्या डब्यापासून 2.7 मीटरवर, डाव्यापासून 4.7 मीटरवर उभा असतो. वळवल्यावर मी जवळच्या उजव्या डब्याच्या अक्षापासून 50 अंशांहून जास्त बाजूला पडलो, आणि लांबच्या डाव्या डब्याच्या अक्षापासून फक्त 27 अंश. जवळचा डबा मला मळकट ऐकू यायला लागला, लांबचा उजळ. डावीकडचे ठोके मला परत मिळाले, आणि तिकडे कीबोर्डवादकाला उजवीकडचे.

उंचीचंही तेच गणित. जमिनीवरच्या डब्याचं केंद्र 30 सेंटिमीटरवर, उभ्या माणसाचा कान 1.6 मीटरवर; अडीच मीटरवरून हा कोन 27 अंश होतो. टीप गुडघ्याला आणि पहिल्या रांगेच्या डोक्याला लागते. मग वाजवणारा ट्रेबल वाढवतो आणि समोरचे कानांवर हात ठेवतात. डबा मागे कलवणारे दोन साधे स्टँड घेतले. त्यानं त्याच दिवशी ट्रेबल बराच खाली आणला, कोणी न सांगता.

शेवटचा उपाय डब्यांत नव्हताच. डिलेवर पिंगपाँगची रुंदी कमी करता येते. पूर्ण रुंदीत डावा ठोका फक्त डावीकडे. थोडी कमी केली की दुसऱ्या बाजूलाही त्याची सावली पडते. त्यानं ती निम्म्याच्या जरा वर ठेवली. त्याला मध्ये उभं राहून फिरणारा डिले अजून ऐकू येतो, आणि मला उजवीकडे पाऊण मात्रा. त्या संध्याकाळी 120 चं ते गाणं आम्ही चारदा वाजवलं आणि एकदाही सुटलो नाही.

मिक्सर

पहिल्या कार्यक्रमात साउंड इंजिनिअरनं आल्याबरोबर सांगितलं, "पीए मोनो आहे." पीए म्हणजे प्रेक्षकांकडे वाजणारे मुख्य स्पीकर. आम्ही तयारीनं गेलो होतो. तालमीत छोट्या मिक्सरवर दोन्ही बाजू मोनो करून प्रत्येक पेडल ऐकलं होतं, आणि कोरस त्यात नाहीसा झाला होता. काही पेडल स्टिरिओ असा करतात की एका बाजूला डोलणारा आवाज मिळवतात आणि दुसऱ्या बाजूला वजा करतात. दोन्ही बाजू एकत्र केल्या की बेरीज-वजाबाकी होऊन कोरा आवाज उरतो. त्यानं कोरसची पद्धत बदलली, डावीकडे कोरा आणि उजवीकडे डोलणारा. ती मोनोतही तग धरते. रिव्हर्बही मोनोत थोडा आकसतो, तेवढं चालवून घेतलं.

दोन्ही डब्यांना एकाच प्रकारचे माइक, कोनाच्या मधल्या टोपीपासून एकाच अंतरावर आणि जाळीपासूनही तेवढ्याच लांब. एक माइक जाळीला टेकलेला आणि दुसरा वीतभर मागे असला तर मोनोत कंगव्यासारखी खाडाखोड होते. आम्ही दोन्ही जाळ्यांवर माइकची जागा चिकटपट्टीनं कायमची दाखवून ठेवली आहे. पीए स्टिरिओ असेल तिथे दोन्ही टोकांना पूर्ण पॅन न करता (आवाज डावीकडे-उजवीकडे पूर्ण न ढकलता) अर्ध्यापर्यंतच करायची विनंती असते, म्हणजे कडेला बसलेल्यांचीही गिटार अर्धी होत नाही.

दुसऱ्या कार्यक्रमात उजवा डबा कोपऱ्यात अडकला. दोन भिंतींमुळे त्याचा खर्ज फुगला आणि मधला सूर उजवीकडे गेला. साउंडचेकला वेळ नव्हता. ड्रम हलवता येत नव्हते, मग अख्खी जोडीच डावीकडे अर्धा मीटर सरकवली आणि गिटारवादक तिच्यासोबत सरकला. मधला पट्टा स्टेजच्या मध्यावर असलाच पाहिजे असं काही नाही, तो त्याच्या पायाखाली असला की झालं.

तिसरा कार्यक्रम उघड्यावर होता, मागे भिंत नाही, छत नाही, आणि तिथे एकेक डबा तोकडा पडला. खर्ज पुढे जातच नव्हता. त्याच मापाचे, त्याच स्पीकरचे आणखी दोन डबे मिळवून आम्ही दोन्हीकडे एकावर एक ठेवले, समांतर, 4 ओहम. कोन दुप्पट, शिवाय 4 ओहमवर अ‍ॅम्पची वाढलेली ताकद. वरच्या डब्याचं केंद्र पाऊण मीटरवर आलं, आणि मोठ्या स्टेजवर गिटारवादक साडेतीन मीटर पुढे असल्यानं कानापर्यंतचा कोन आपोआपच 14 अंशांवर आला. कलवायचे स्टँड त्या दिवशी गाडीतच राहिले.